आतली कडी

आईने बेडरूमच्या दाराची कडी आतून लावली, काढली आणि पुन्हा लावली. बाहेर मुलीने कपाळाला हात लावला. राहतं घर पाडायला निघालं होतं आणि आई प्रत्येक फ्लॅटमध्ये काही ना काही खोट काढत होती. इथेही नाक मुरडलं, तर दोघींनी जायचं कुठे?

"कडी पक्की आहे, आजी," सेल्समन म्हणाला. "पूर्वी इथे मनोरुग्णालय होतं ना, तेव्हा कड्या फक्त बाहेरून. मग कित्येक वर्षं इमारत ओस पडली. आता जुन्या राहिल्यात त्या भिंती आणि या मावशी. मावशी आम्हाला इमारतीबरोबर फुकट मिळाल्या."

फरशी पुसणाऱ्या म्हाताऱ्या मावशींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आता आईचं बिनसणार, असं मुलीला वाटलं. पण आई बाहेर येऊन म्हणाली, "या खोलीत दुपारी ऊन येत नाही. बरंय."

खिडकीचा पडदा तर तिने सरकवलाच नव्हता.

सेल्समनने आइस्क्रीम आणलं. खाऊन झाल्यावर आईने नेहमीप्रमाणे रिकामा चमचा वर धरला. मुलीनेही धरला. घरातली ही जुनी रीत होती. चमचा दाखवायचा, मगच खाली ठेवायचा. मुलगी लहान असताना आई बरेच महिने माहेरी राहिली होती, तिथून ही शिस्त घेऊन आली होती.

फडकं पिळता पिळता मावशींनी मान वर केली. दोन्ही चमचे नीट पाहिले.

"हं. ठेवा."

दोघींनी चमचे ठेवले.

सेल्समन हसला. मुलीला मात्र आईचं ते माहेर आठवलं. त्या आजोळी तिला कधीच कोणी नेलं नव्हतं.

"चल आई," ती उठली. "हे घर नको आपल्याला."

"का गं? मला पसंत आहे."

"आई, तू इथे..."

"तेव्हा कडी बाहेरून होती," आई शांतपणे म्हणाली. ती पुन्हा त्या खोलीत गेली आणि तिने दार लोटलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"आई, उघड ना."

"बसू दे गं जरा."

मावशी फडकं घेऊन दारापाशी आल्या. त्यांचा हात सवयीने चौकटीकडे गेला, तिथे काहीतरी चाचपू लागला आणि रिकामाच खाली आला. मग त्या दारापुढची फरशी पुसू लागल्या.