मुक्या शुक्रवारी वाजलेली घंटा

मी एक जुना उभा नळ आहे. आता नळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लगेच हंडे, कळश्या आणि नळावरची भांडणं आली असतील. तसला नळ मी नव्हे, मित्रांनो! माझ्या पाण्यावर आजवर कुणी तांब्या भरला नाही की तोंड धुतलं नाही. पाणी पोटात घ्यायचं आणि गप्प उभं राहायचं, एवढंच माझं काम. तुम्हाला हसू येईल, पण वर्षानुवर्षं नुसतं उभं राहून बघा एकदा!

साहेब लोक मला राइजर म्हणत. वटारच्या रस्त्यावरच्या या गवताच्या वखारीत आल्यावर मात्र सगळे मला 'खांब्या' म्हणू लागले. पहिल्यांदा मला फार राग आला. विलायतेत ओतलेला बिडाचा नळ मी, बोटीतून समुद्र ओलांडून आलेला, आणि म्हणे खांब्या! पण नाव अंगवळणी पडतं. आता कुणी राइजर म्हटलं तर मीच इकडेतिकडे बघेन.

मुंबईच्या एका सूतगिरणीत मी पहिली नोकरी केली. तिथं माझ्या काळात आग अशी लागलीच नाही. माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. मग गिरणीचा तो भाग पाडला आणि मला तुकड्यातुकड्यांनी भंगारवाल्याच्या अंगणात टाकलं. लढाईची सगळी वर्षं मी तिथं कोरडा पडून होतो. ती वर्षं मला आठवतच नाहीत. पोटात पाणी नसलं की मला काही आठवत नाही.

लढाई संपल्यावर जगन्नाथशेठ मला इकडे घेऊन आले. त्यांची वाडी, म्हणजे बागायत, वटारची, आणि धंदा मुंबईच्या घोड्यांच्या तबेल्यांना गवत पुरवण्याचा. त्यांची आधीची वखार जळाली होती आणि आत बांधलेली बैलांची जोडीही गेली होती. गिरणीतल्या जुन्या फिटरनं मला जोडून पाणी भरलं तेव्हा शेठ शेजारी उभे राहून म्हणाले, "लोक म्हणतात, गवत काय, पुढच्या वर्षी पुन्हा उगवतं. पण ते हंबरणं अजून माझ्या कानातून जात नाही हो."

त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की आपण कशासाठी आहोत.

माझी रचना सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट नीट समजेल. माझ्या पायाशी एक मोठं लोखंडी चाक आहे. ते उघडं असलं की बाहेरच्या उंच टाकीतलं पाणी माझ्यात येतं. कुणी ते सहज फिरवू नये म्हणून त्याला चामड्याचा पट्टा बांधतात. चाकाच्या वर एक जड झडप. ती मोठी मानी आहे, वरून पाणी वाहून जायला लागलं तरच जागची उठते. झडपेच्या खाली आणि वर दाब दाखवणारी दोन घड्याळं. बाजूनं एक बारकी नळी भिंतीबाहेर जाते. झडप उठली की पाणी त्या नळीत शिरतं, बाहेरचं छोटं चक्र फिरवतं, आणि चक्राचा टोला पितळी घंटेवर बसतो. शिवाय पाणी सोडून द्यायची एक तोटी. वर छपराखाली माझ्या फांद्या पसरल्या आहेत आणि त्यांना पितळी फुलं आहेत. फुलांची तोंडं डाक लावून, म्हणजे उष्णतेनं चटकन वितळणाऱ्या धातूनं सांधून, बंद केलेली. खाली आग लागली की उष्णता वर जाते, डाक वितळतो, फूल उमलतं आणि पाणी खाली कोसळतं. माणसाला हाक मारायचीसुद्धा गरज नाही. आहे की नाही गंमत?

टाकी भरायची ती वाडीतल्या विहिरीच्या पाण्यानं. त्या पाण्याला केळीच्या मुळांचा वास असे. माझ्यात येऊन ते थांबायचं आणि हळूहळू झोपी जायचं. झोपलं की त्याला स्वप्नं पडत, आणि माझ्या पोटात असल्यामुळे ती मलाही पडत. स्वप्नात मी वाडीतला पाट असायचो. पानवेलींच्या सावलीतून वाहायचो, कुणीतरी अनवाणी पायानं माझी वाट वळवायचं, मी या आळ्यातून त्या आळ्यात जायचो. जाग आली की पुन्हा बिडाचा, ताठ, आणि चहूकडे सुक्या गवताचा वास. पण मला त्याचं दुःख नव्हतं. निम्मं आयुष्य मी असं झोपेतच काढलं आणि ते छान गेलं.

माझी देखभाल ॲन्सेल्मकडे होती. उंच, शिडशिडीत माणूस. चर्चमध्ये गायचा, त्यामुळे विहिरीवरच्या इंजिनाला तेल घालतानाही गुणगुणत असे. दर आठवड्याला एका संध्याकाळी तो पाणी सोडून माझी घंटा वाजवून बघायचा. आणि मग गंमत व्हायची! चर्चच्या संध्याकाळच्या घंटेला गावातली माणसं हातातलं काम ठेवून प्रार्थना म्हणत. माझी घंटा ऐकूनही ती थांबायची, क्रूसाची खूण करायची. ॲन्सेल्मची बायको जुलियाना एकदा तणतणत वखारीतच आली.

"तुझ्या या गवताच्या घंटेपायी मी आज दोनदा प्रार्थना म्हटली! देवाला वाटलं असेल, या बाईला चळ लागला."

"दोनदा म्हटलीस तर काय बिघडलं? एक माझ्या नावची धर," ॲन्सेल्म म्हणाला.

वखारीत गवताच्या पेंढ्या बांधणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यात सर्वांत जुनी कळंबची धोंडूबाई. ती आपली भाकरीची फडकी माझ्या तोटीला अडकवायची आणि येताजाता माझ्या अंगावर थाप मारायची, "काय रं खांब्या, हायेस ना?" मी कुठं जाणार होतो! पण विचारलं की बरं वाटायचं. तिची आणि ॲन्सेल्मची एक बोली होती. शिमग्याला सगळ्या बायका घरी जात, तेव्हा ॲन्सेल्म राखण करी. गुड फ्रायडेला वटारची माणसं चर्चमध्ये असत, तेव्हा धोंडूबाई राखणीला बसे. एकमेकांना आठवण करून द्यावी लागत नसे.

स्वराज्य आलं त्यानंतर दोन-तीन वर्षांनी घडलेली गोष्ट आहे. त्या उन्हाळ्यात माझ्या झडपेखाली कचरा अडकला होता. त्यामुळे घंटा मधूनच आपोआप एखादा टोला द्यायची. एरवी कुणी मनावर घेतलं नसतं. पण पवित्र सप्ताह आला. गुरुवारच्या मिसापासून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपासून, शनिवारपर्यंत चर्चच्या घंटा मुक्या ठेवतात, मित्रांनो. वाजवायचीच झाली तर लाकडी टकटकी वाजवतात. प्रभूच्या मरणाचे ते दिवस. अशा वेळी माझ्या घंटेनं टोला दिला तर? ॲन्सेल्मला त्या विचारानं घास गोड लागेना.

गुरुवारी मिसाहून तो थेट माझ्याकडे आला. घंटेच्या नळीला एक बारकी चावी आहे. ती फिरवली की झालं असतं. पण ती गंजून घट्ट बसली होती, तसूभर हलेना. घंटेला कापड बांधावं, तर शिडी चर्चमध्ये नेलेली, शुक्रवारी मोठ्या क्रूसावरून प्रभूची मूर्ती उतरवायला. ॲन्सेल्म थोडा वेळ विचार करत उभा राहिला. मग त्यानं चामड्याचा पट्टा सोडला आणि माझं मोठं चाक फिरवून बंद केलं.

अरे बाबा, काय करतोस! मी मनातल्या मनात ओरडलो.

त्यानं वर घड्याळांकडे पाहिलं. काटे जागेवरच होते. असणारच! कोंडलेलं पाणी दाब धरून बसतं. पण ॲन्सेल्म वाडीतला माणूस. पाटाला बांध घातला तरी पाटात भरलेलं पाणी झाडाला मिळतं, हे त्याला ठाऊक. नळ भरलेले आहेत, काटे उभे आहेत, म्हणजे आगीपुरतं पाणी आहे असं त्याला वाटलं. पण नळातलं पाणी म्हणजे घोटभर, मित्रांनो. खरं पाणी टाकीत, आणि टाकीची वाट त्यानं बंद केली होती. तो समाधानानं क्रूसाची खूण करून गेला. उपासाचे दिवस, बोलणंही कमी, त्यामुळे त्यानं कुणाला काही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी धोंडूबाई आली. माझ्या अंगावर थाप मारली. मग तिला लोंबणारा पट्टा दिसला. तिनं तो हातात घेतला, चाकाकडे पाहिलं, आणि पट्टा हळूच सोडून दिला. मला वाटलं, आता ही कुणाला तरी विचारेल. पण ती आपल्या जागी जाऊन बसली.

दुपारी सगळा रस्ता सामसूम झाला. ऊन इतकं की पत्रे तडतडत होते. माझा डोळा लागला होता आणि मी नेहमीसारखा पाट होऊन पानवेलींतून चाललो होतो. एकाएकी ते पाणी कोमट झालं, मग ऊन झालं, आणि मी जागा झालो. मागच्या कोपऱ्यातली गंजी धुमसत होती. दवानं ओलं झालेलं गवत दडपून रचलं की ते आतल्या आत तापतं. तसंच झालं होतं. बघता बघता ज्वाळा वर आली. माझं एक पितळी फूल उमललं, पाण्याचा एक सपकारा बसला, आणि थांबला.

पाणी संपलं! दोन्ही काटे खाली पडले. इतकी वर्षं ज्या एका दुपारसाठी मी उभा होतो, ती दुपार आली आणि माझं पोट रिकामं. चाकाखाली थोडं पाणी टेकून होतं, तेवढ्यावर मी शुद्धीत होतो, आणि त्या वेळी मला जे वाटलं ते कुणाला वाटू नये.

धोंडूबाई धडपडत उठली. दार माझ्या शेजारीच, उघडं होतं. तिनं बाहेर पळायला हवं होतं. ती दारापर्यंत आलीही. पण वखारीला लागून पेंढ्या बांधणाऱ्यांच्या गवती झोपड्या, आणि त्यांच्या पलीकडे वाड्या. तिनं माझ्या काट्याकडे पाहिलं. "खांब्या, निजलास व्हय रं!" असं म्हणून तिनं डोक्यावरची चुंबळ चाकाला गुंडाळली आणि दोन्ही हातांनी ओढ घेतली. चाक हलेना. ती उलट्या बाजूनं फिरवत होती! खोकत खोकत तिनं दुसऱ्या बाजूला जोर लावला. धुरात ती मला दिसेनाशी झाली, फक्त तिचे हात कळत होते. चाक करकरलं. थोडं फिरलं. आणखी फिरलं.

आणि टाकीतलं पाणी धावत आलं. झडप उठली, फुलांतून धारा कोसळल्या, आणि भिंतीबाहेर माझी घंटा वाजू लागली. मुक्या शुक्रवारी, सगळा गाव प्रभूच्या मरणाची कथा ऐकत बसलेला असताना, ठणठण, ठणठण!

पुढचं मला नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं. चर्चमध्ये क्षणभर कुणाला काही समजेना. मग ॲन्सेल्म उभा राहिला. "चाक बंद आहे," तो मोठ्यानं म्हणाला, "मग घंटा वाजते कशी? आत धोंडूबाय आहे!" आणि तो पळत सुटला. त्याच्यामागे जुलियाना, त्यांच्यामागे अख्खं चर्च.

तो धुरात शिरला तेव्हा आग दबली होती. धोंडूबाई माझ्या पायाशी बसली होती, नखशिखांत भिजलेली, आणि हात अजून चाकावर आवळलेले.

"सोड, धोंडूबाय, सोड आता!"

"उगडं हाय का रं?"

"उघडं आहे. पूर्ण उघडं आहे."

तेव्हा तिनं चाक सोडलं. त्यानं तिला उचलून बाहेर आणलं. जगन्नाथशेठ धावत आले होते. सगळ्यांच्या देखत ॲन्सेल्म म्हणाला, "चाक मी बंद केलं होतं, शेठ. घंटा वाजू नये म्हणून."

धोंडूबाईचा खोकला थांबेना. मधेच ती म्हणाली, "मला ठावं व्हतं. पट्टा सकालीच बगितला मी."

"मग तेव्हाच का नाही उघडलंस?" ॲन्सेल्मनं विचारलं.

"तुज्या देवाचा दिस. तू कायतरी नेमानं केलं असशील. मी कसा हात लावू?"

ॲन्सेल्म तिथंच चिखलात बसला आणि रडला. मोठ्या माणसाला मी पहिल्यांदाच रडताना ऐकलं. जगन्नाथशेठ म्हणाले, "माझे बैल गेले, त्याचं दुःख मी इतकी वर्षं उगाळतोय. आज माणूस गेलं असतं." त्यांनी ॲन्सेल्मला कामावरून काढलं नाही. घंटा वाजली म्हणून हळहळणाऱ्या एका म्हाताऱ्याला जुलियानानं मात्र ठणकावलं, "आज गावात ही एकच घंटा वाजली म्हणून कळली. एरवी वाजली असती, तर आपण क्रूस करून जागच्या जागी बसलो असतो!"

धोंडूबाई वाचली, पण धूर तिच्या छातीत राहिला. तिला पेंढ्या बांधणं पुन्हा जमलं नाही. ती नुसती राखणीला येऊन बसायची. पुढच्या वर्षी पवित्र गुरुवारी ॲन्सेल्म आला, तिचा हात धरून तिला माझ्याजवळ घेऊन आला आणि तिचा तळवा चाकावर ठेवला.

"हे उघडं आहे. उघडंच राहणार. ही घंटेची बारकी चावी मी तेल घालून सैल केलीय, फक्त ही बंद करतोय, शनिवारपर्यंत. तुला सांगून करतोय."

"सांगितलंस ना? मग झालं," ती म्हणाली.

आता मुंबईतले घोडे कमी झालेत. वखार अर्धी रिकामी असते. माझ्या चाकाला बऱ्याच दिवसांत तेल नाही, घड्याळाच्या काचेवर धूळ आहे. मी पुष्कळ झोपतो आणि पुष्कळ स्वप्नं बघतो. मित्रांनो, माझ्यासारखे नळ तुम्हाला कुठं दिसले तर त्यांचं चाक उघडं आहे का एवढं बघा, थोडं तेल द्या, पुसा. लोखंडाला तेवढं पुरतं. माणसांना मात्र तेवढं पुरत नाही. ॲन्सेल्मनं आपल्या देवाचा मान राखला, धोंडूबाईनं ॲन्सेल्मचा मान राखला, दोघंही भले, आणि त्या भलेपणात म्हातारीचा जीव जात होता. म्हणून सांगतो, कुठलंही चाक बंद करून निघालात, तर जो आत राहणार आहे त्याला सांगून जा. आणि तुम्ही आत राहणार असाल, तर विचारा.