दादा अन्डू दाबत नाही

आमचा दादा अन्डू दाबत नाही. नागावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्यानेच ते सगळ्यांना सांगितलं आहे. कोड्यांच्या गेममध्ये चुकलेली चाल मागे घ्यायचं बटण असतं, ते भित्र्यांसाठी असतं असं त्याचं मत. हिंट घेणं म्हणजे कॉपी. गोळ्या फोडायचे गेम म्हणजे टाइमपास, हे माझ्याकडे बघून. ज्या स्ट्रॅटेजी गेममध्ये विचार करायला वेळ मिळतो तोच खरा गेम, घड्याळ लावलं की ती हमाली. आणि मांडणी कितीही अवघड असो, तिला उत्तर असतंच, फक्त डोकं पाहिजे. डोकं म्हणजे अर्थातच ऋत्विकचं, म्हणजे दादाचं स्वतःचं.

मीही खेळते. सर्रास अन्डू दाबते, हिंट घेते आणि सुखाने झोपते. माझं मत एवढंच, की असले गेम फार खेळणाऱ्या माणसाला सोंगट्यांची सवय होते. सोंगटी ठेवली तिथे राहते, तिला मध्येच भूक लागत नाही. हे मी दादाला एकदा बोलून दाखवलं. "मृणाल, तू आधी चौथ्या लेव्हलच्या पुढे जा," तो म्हणाला.

तर, दादाचा साखरपुडा. मुलगी राही, बोर्ली पंचतनची, श्रीवर्धनला बँकेत नोकरी. बघायच्या कार्यक्रमाला दादा उशिरा पोहोचला, कारण निघताना एक लेव्हल संपत आली होती. साड्या घ्यायच्या दिवशी दुसरी संपत आली होती. तेव्हा राही म्हणाली, "साखरपुड्याला उशीर केलास तर पुड्यातली साखर चहात घालेन आणि तोच चहा पाजून सगळ्यांना घरी पाठवेन." सगळे हसले. राही हसली नाही, हे फक्त मी पाहिलं.

साखरपुडा रविवारी दुपारी, बोर्लीला. आणि आमच्याकडे शनिवार-रविवार म्हणजे होमस्टे फुल्ल. सुपारीच्या वाडीत खोल्या, फाटकापासून आत एकच गाडी जाईल एवढी वाट, शेवटी विहिरीपाशी थोडं मोकळं. आईची पद्धत ठरलेली होती. पाहुणा आला की आधी गाडीची चावी मागायची आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवायची. वाट अडली की आम्हीच गाड्या मागेपुढे करायचो. जास्तीची गाडी आली तर देवळापाशी पाठवायची.

दादाने त्या शनिवारी ही पद्धत मोडीत काढली. "चाव्या गोळा करणं म्हणजे अन्डू ठेवणं. मांडणी बरोबर असेल तर हलवावं लागतच नाही." मग त्याने प्रत्येक पाहुण्याला विचारलं, उद्या कधी निघणार? त्या क्रमाने एकामागे एक गाड्या लावल्या. देवळापाशी एकही गेली नाही. आमची गाडी अगदी आत, विहिरीपाशी, पाहुण्यांची पोरं ओरखडे काढतात म्हणून. सकाळी ठाण्याचे पाहुणे नाश्ता करून घरी परतणार, म्हणून त्यांची फाटकात. ती निघाली की पुढची, मग पुढची, मग नवरदेव.

"अरे, चाव्या घेऊन ठेव," आई म्हणाली. "मानसं हाईत ती."

"आई, तू बघच," दादा म्हणाला. गच्चीवर चढून त्याने मांडणीचा फोटोही काढला.

रविवारी नाश्त्याला ठाण्याच्या पाहुण्यांनी सहज विचारलं, इथे बघण्यासारखं काय आहे? दुसऱ्या कोणी नुसतं समुद्र म्हणून सांगितलं असतं. दादाने घावनाचं ताट बाजूला सारून त्यांना कुलाबा किल्ला समजावला. बचाव कसा, हल्ला कुठून, समुद्र स्वतःच शिपायाचं काम कसा करतो. "आता ओहोटी आहे, चालत आत जाल. बघाच." शिवाय अलिबागला पार्किंगची मारामारी आहे, रिक्षाने जा, हेही सांगितलं. त्यांनी घरी परतायचं पुढे ढकललं आणि रिक्षाने गेले. चावी खिशात.

नागावचा माणूस ओहोटीला किल्ल्यात जा म्हणाला की त्याच दमात कधी परत फिरायचं ते सांगतो. ते सांगितल्याशिवाय इथे वाक्य पुरं होत नाही. दादाने सांगितलं नाही, कारण त्याच्या गेममधल्या किल्ल्याभोवतीचं पाणी शोभेचं असतं, बुरुजाखाली आपलं हलत राहतं.

आम्ही आवरून बाहेर आलो तर फाटकात ठाण्याची गाडी. फोन लावला. "अहो, पाणी भरलंय," पाहुणे मजेत होते. "वाऱ्यामुळे होड्याही बंद आहेत म्हणे. आता ओहोटीलाच. किल्ला मात्र तुम्ही म्हणालात तसाच आहे."

गाडी ढकलून पाहिली, जागची हलली नाही. रविवार, सीझन, भाड्याची एक गाडी नागावात मोकळी नव्हती. बाबा कपाळाला हात लावून बसले. दादा शेरवानीत ओट्यावर उकिडवा बसला आणि सुपाऱ्या मांडू लागला. ही सुपारी आमची, ही ठाण्याची, ही पुण्याची. "उत्तर असतंच," तो पुटपुटत होता. मी एक सुपारी उचलली तर खेकसला. मला संताप आला होता. आई अंगठीची पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि हा माणूस सुपाऱ्या सरकवत होता.

बऱ्याच वेळाने राहीचा फोन आला. दादाने तिला मांडणीच समजावायला घेतली.

"ऋत्विक," ती म्हणाली, "बाबा गाडीशी लग्न लावून देत नाहीयेत माझं. तुला यायचंय. रिक्षा मिळते ना?"

दादाने सुपाऱ्यांकडे पाहिलं. त्यातली एकही सुपारी तो नव्हता.

रिक्षाने आगरदांड्याला गेलो. फेरीबोट नुकतीच सुटली होती. दिघीकडे जाताना तिची पाठ दिसत होती. पुढची येईपर्यंत दादा धक्क्यावर उभा राहिला. दिघीला राहीचा चुलतभाऊ न्यायला आला होता.

बोर्लीला पोहोचलो तेव्हा मांडवात जेवणं उरकत आली होती. भटजी दक्षिणा घेऊन गेले होते. राहीचे वडील, गणराजकाका, भले माणूस. म्हणाले, "मुहूर्त काय, दुसरा काढता येईल."

दादाने तेवढंच धरलं. "बघ ना राही. एक चान्स दे. चुकली एक चाल, घेऊ मागे."

राही आत गेली आणि ट्रे घेऊन आली. साडी तीच होती, साखरपुड्याची. आधी आईला वाकून नमस्कार केला, मग तिच्या हातात कप दिला. मग बाबांना, मला. शेवटी दादासमोर उभी राहिली.

"तू चाल मागे घेत नाहीस ना कधी? सगळ्यांना सांगत असतोस," ती म्हणाली. "मी पण नाही घेत. चहा घे."

आईने पर्स घट्ट धरली होती. तिच्यासाठी मला खरंच वाईट वाटलं. दादाने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. चहा पाकासारखा गोड होता. मी माझा संपवला.