वेताच्या खुर्च्यांचं दुकान

सासरे वेताच्या खुर्च्या विणून द्यायचे. दुकानाची वेबसाइट सुनेने केली होती. वेबसाइटचं मार्केटिंग हा तिचा धंदाच. तिने दुकान सर्चमध्ये पहिल्या पानावर आणलं, आणि म्हाताऱ्याला मान वर करायला फुरसत उरली नाही.

मग सर्च इंजिनने नियम बदलले. बातमी तिने सकाळी वाचली, तोवर दुकान पार मागच्या पानावर गेलं होतं. तिने जंग जंग पछाडलं, पण महिना उलटला तरी फोन वाजेना.

"शेवटच्या खुर्चीची वीण सैल पडली असणार," सासरे म्हणाले. "गिऱ्हाईक चार लोकांत बोललं असेल."

"नाही हो बाबा. आपण लोकांना दिसतच नाही आहोत."

"माझी समजूत नको घालूस, पोरी."

त्यांनी घरातल्या खुर्चीचा जुना वेत कापून काढला आणि खपून नवा विणला. तिने दाबून पाहिलं. वीण कुठेच दबत नव्हती.

"बघा, तुमच्या हाताला काही झालेलं नाही."

ते खुर्चीकडे बघत राहिले. "तेच तर," ते म्हणाले. "चूक माझी असती, तर सुधारली असती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेत भिजवायचं पिंप उपडं करून ठेवलं. तिला त्यांना अडवता आलं नाही.