रूबार्बच्या वाफ्याला वळसा

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. बोटभरही रुंद नाही, पण दोनशे फूट लांब. एका गोल डब्यात गुंडाळलेली असते आणि माझ्या टोकाला आकडा आहे. रिकाम्या पाइपात मला एका तोंडाने ढकलतात, दुसऱ्या तोंडाला आकड्यात वायर अडकवतात आणि मला मागे ओढून घेतात. एवढंच माझं काम. पण मित्रांनो, इतक्या सरळ कामाचा माणसं जो विचका करतात, तो पाहून मी अगदी विटले आहे.

माझा मालक लेलंड हाउगेन, मिनेसोटातल्या एका छोट्या गावचा वायरमन. त्याने मला नवी घेतली तेव्हा मी आरशासारखी चकाकत होते. गावातली शाळा, दूध डेअरी, चर्चचं तळघर, सगळीकडच्या वायरी मी ओढल्या. "बरी आहे," लेलंड माझ्याबद्दल म्हणायचा. आमच्याकडे याच्या पुढची स्तुती नसते. मग तो निवृत्त झाला आणि मी गॅरेजात खिळ्याला लटकले. शेजारीपाजारी मागून न्यायचे, चिखलासकट परत आणायचे. पुसायचं कोणाच्या जिवावर यायचं देव जाणे.

शेजारचा वर्डेल ओमडाल घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी खुर्च्या बनवतो. चारी बाजूंनी पत्रा, त्यामुळे आत मोबाइलला काडीची रेंज नाही. मार्च महिन्यात त्याला तिथेच हृदयविकाराचा झटका आला. दोन तास तो भुशात पडून होता, खिशात फोन असून. नंतर कळलं की आधी दोन दिवस छातीत दुखत होतं आणि बाबा कोणाला बोललाच नव्हता. तेव्हा त्याची बायको अर्लिस हिने शेडला कुलूप घातलं. घरातून शेडपर्यंत केबल टाका, तिथे वायफायचा डबा लावा, फोन लागू दे, मगच किल्ली मिळेल. सहा महिने वर्डेल स्वयंपाकघरात तिच्या पायात पायात करत होता. दोघंही कावले होते.

ऑक्टोबरात, जमीन गोठायच्या आत, त्याने भाड्याचं यंत्र आणून चर मारला. घर आणि शेड यांच्या बरोबर मध्ये अर्लिसचा रूबार्बचा वाफा, आंबट लाल देठांचा. वर्डेलने वाफ्याला चौकोनी वळसा घातला. चरात केबलसाठी पाइप टाकला; त्याला तिथे चार एल्बो, म्हणजे काटकोनात वळणारे जोड, शिवाय दोन्ही टोकांना जमिनीतून वर यायला एकेक. एकूण सहा काटकोन! चारच्या पुढे मी जात नाही, हे कोणताही वायरमन सांगेल. लेलंड कुंपणाशी येऊन उभा राहिला, चराकडे पाहिलं आणि म्हणाला, "हं. वेगळंच केलंस." आमच्याकडे याचा अर्थ, वाट लावलीस. पण तेवढंच बोलून हा कॉफी प्यायला निघून गेला. वर्डेलने चर बुजवला.

मग आठवली मी. लेलंड मला घेऊन आला, अर्लिसने कामापुरतं शेडचं कुलूप काढलं आणि दोघा शेजाऱ्यांनी शेडच्या बाजूने मला पाइपात ढकललं. पाचव्या एल्बोला माझं डोकं आपटलं आणि मी तिथेच रुतले. साबणाचं पाणी ओतलं, पिळलं, हिसडे दिले. दुपार गेली. माझं अंग सोलून निघालं. हे दोघे बाप्ये मात्र "जाईल की," "जाईल, जाईल," असं एकमेकांना म्हणत होते. कुठून जाणार? माझ्या कपाळातून?

शेवटी अर्लिस बाहेर आली. "लेलंड, हे जाणार नाही, हे तुला कधी कळलं?"

"चर मारत होता तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"एवढं मन लावून करत होता. म्हटलं, कशाला उगाच."

"आणि तू रे? वळसा कशासाठी?"

"तुझा रूबार्ब," वर्डेल म्हणाला.

"अरे, रूबार्ब उपटून कुठेही लावता येतो. मला विचारायला तोंड शिवलं होतं का? दोघांनाही एकाच माळेत ओवायला पाहिजे. एक मरणाचं दुखलं तरी बोलत नाही आणि दुसरा समोर दिसलं तरी बोलत नाही."

तिने स्वतः कुदळ घेऊन वाफा उकरला. यंत्र परत गेलं होतं, म्हणून लेलंडने फावडं घेतलं. अर्लिस कॉफी ठेवायला आत गेली, तेवढ्यात वर्डेलनेही घेतलं. मधला पाइप सरळ बसवला. उरले दोनच काटकोन. या खेपेला मी सुळकन घराशी निघाले आणि केबल घेऊन तशीच शेडमध्ये परत आले.

डबा लागला, हिरवा दिवा लागला. लेलंड मला ओलीच बाकावर टाकून कॉफीला गेला. वर्डेल एकटा उरला. त्याने स्वयंपाकघरात फोन लावला.

"लागतोय," तो म्हणाला.

"बरं. ये मग, केक कापलाय."

मी त्याच्याकडे बघत होते. हात छातीवर होता, चेहरा राखेसारखा झाला होता.

"अर्लिस, दुखतंय. फावडं मारल्यापासून. सांगावं की नको, असं चाललं होतं."

ती नवऱ्याचे बूट घालून धावत आली. फोन कानाला होता आणि ती अँब्युलन्सवाल्यांना पत्ता सांगत होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आठवड्याने वर्डेल घरी आला.

तोवर मी बाकावर गंजत पडले होते. कोणाला माझी आठवण नव्हती आणि त्या वेळी मी कोणावर रागही धरला नव्हता. पण आता सांगते, मित्रांनो. माझ्यासारखीला वापरून झालं की कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हात फिरवा, हे तर कराच. आणि कोणी चुकीचा चर खणताना दिसला, तर त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. चर उघडा आहे तोवर सांगा.