ऊन दाखवायला काढलेला रस्ता

मित्रांनो, मी एक जुना रस्ता आहे. पण माझ्यावरून आजवर कुणी चाललेलं नाही, कारण मी कॅनव्हासवर रंगवलेला आहे. फ्रान्समधल्या एका लहान गावात बातिस्त नावाचा माणूस पावाची गाडी चालवायचा. चित्रकलेच्या शाळेची पायरी तो कधी चढला नाही. पहाटे गाव झोपेत असताना पाव पोचवायचा आणि दुपारी तोच रस्ता आठवून आठवून रंगवायचा. माझ्या खिडक्या जरा तिरक्या आहेत आणि माझ्यावर एकही माणूस नाही. बघणारे म्हणतात, काय ही शांतता! अहो, कसली शांतता? त्याला माणसं काढायला जमायचीच नाहीत.

फिरत फिरत मी स्टुटगार्टच्या जुन्या बाजारात आलो. तिथं मला ऊर्मिलानं घेतलं. ती पुण्याहून नुकतीच शिकायला आली होती, जर्मन बोलताना अडखळायची आणि संध्याकाळी माझ्यासमोर चहा पीत बसायची. पुढे नोकरी लागली, यशोधनशी लग्न झालं, घरं बदलली. प्रत्येक घरात आधी मी भिंतीवर चढलो, मग खिडक्यांना पडदे लागले. एवढ्या लाडानं मी शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग यशोधनच्या आई, शोभनाताई, पहिल्यांदाच इथं राहायला आल्या. मला बघताच त्या बोलून गेल्या की माणूस ना काणूस, कसला हा ओसाड रस्ता लावलाय! भांडी घासताना ऊर्मिलाच्या हातातली ताटं जोरात वाजली. दोघींचं बोलणं 'मीठ वाढू का' एवढ्यावर आलं. मलाही शोभनाताईंचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर शोभनाताईंनी धूळ पुसायला मला खाली उतरवलं. भिंतीला ओल होती. माझी पाठ बुरशीनं भरली होती आणि इतक्या वर्षांत ते कुणाला दिसलंच नव्हतं. कौतुक करणारे सगळे समोरून करतात ना! शोभनाताईंनी कोरड्या फडक्यानं पाठ पुसली आणि आता याला जरा ऊन दाखवावं, असं पुटपुटत मला घेऊन खाली आल्या.

फूटपाथवर गाद्या, गालिचे, खुर्च्या मांडलेल्या. त्यांना फार बरं वाटलं. इथलेही लोक गाद्यांना ऊन दाखवतात तर! एका गादीला टेकवून, पाठ उन्हाकडे करून त्यांनी मला ठेवलं आणि पोळ्या लाटायला वर गेल्या.

मी हादरलो. तो श्पेरम्युलचा दिवस होता. घरातली अडगळ रस्त्यावर ठेवायची आणि कचऱ्याच्या गाडीनं ती चिरडून न्यायची. यशोधनचं कपाट मागे असंच गेलं होतं.

गाडी चढ चढून येऊ लागली. माझं तोंड गादीकडे, मला दिसेना काहीच. सोफा कडाकडा मोडला, तेवढं ऐकू आलं. माझं मरण होतंच, पण मला आठवल्या त्या शोभनाताई. कालच त्यांनी मला नावं ठेवली होती. मी गेलो, तर सासूनं मुद्दाम टाकलं असंच ऊर्मिलाला वाटणार, आणि जन्मभर वाटत राहणार.

गादी उचलली गेली. मग एका हातमोज्यानं मलाही उचललं. आवाज ऐकून शोभनाताईंनी खिडकीतून पाहिलं असावं, कारण पिठाच्या हातांनी त्या धावत आल्या आणि माझी चौकट घट्ट धरून मराठीतच ओरडू लागल्या. तो माणूस चक्रावला, पण त्यानं मला सोडलं.

तेवढ्यात अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतलेली ऊर्मिला वळणावरून आली. तिला दिसलं ते एवढंच: कचऱ्याची गाडी, सासू आणि सासूच्या हातात मी. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, तुम्ही याला टाकत होतात?"

शोभनाताई म्हणाल्या, "ऊन दाखवत होते गं."

तिथल्या दुसऱ्या कुणाला हे ऊन दाखवणं कळलं नसतं, पुण्याच्या ऊर्मिलाला कळलं. तिनं मला पालथं करून पाठीवर तळहात ठेवला. पाठ उबदार होती, पुसलेली होती. कोपऱ्यात थोडी बुरशी अजून होती, तीही तिनं पाहिली.

"आई, हे मला कधी दिसलंच नाही," म्हणाली आणि भर रस्त्यात सासूच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. तिचा कोट पिठानं माखला.

मित्रांनो, आवडती वस्तू नुसती समोरून बघू नका, तिची पाठही बघत जा. आणि घरच्या माणसाबद्दल मनात काही भलतंसलतं आलं, तर ते तिथं मुरवत ठेवू नका, तोंडावर विचारा. ऊर्मिलानं तो प्रश्न गिळला असता, तर मी वाचलो असतो, पण त्या दोघी वाचल्या नसत्या.