दहा मिनिटांची पाताळगंगा

महादेवरावांच्या शेतात पार अचलपूरहून माणसं लोटली होती. झेंडूने मढवलेल्या बोअरभोवती नारळांचा खच पडला होता. डोमाजी महाराज दहा मिनिटं पंप चालवत, बंद करत आणि गाठी मारलेली दोरी आत सोडत. पाणी खाली गेलेलं असे. पाच मिनिटांत पुन्हा जिथल्या तिथे!

"पाहा रे! पाताळगंगा श्वास घेऊन राहिली! उपसलं का भरते, उपसलं का भरते!"

लोक चिखल कपाळाला लावत होते. हर्षा दोरीच्या ओल्या गाठी मोजत होती. ती अकोल्याच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायची आणि महादेवराव तिचे सख्खे मामा. या अक्षय बोअरच्या भरवशावर मामा सोमवारी धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, जुनी विहीर बुजवून तिथे महाराजांचा मंडप बांधणार होते. सारं गाव त्याच विहिरीचं पाणी प्यायचं.

"मामा, पंप सहा तास चालू द्या. मग दोरी सोडू."

महाराजांनी डोळे वटारले. "देवीले त्रास देता? दहा मिनिटांच्या वर कोप होते!"

मनकर्णामामी पदर खोचून पुढे आल्या. "चालू द्या ना! अक्षय हाय त भेता काहून?"

बायकोपुढे महादेवरावांचं काही चाललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वीज आली, पंप सुरू झाला. चौथ्या तासाला धार आवळली, पाचव्याला पंप नुसती हवा ओकू लागला. बंद केल्यावर पाणी पटकन दोन गाठी चढलं आणि आधीच्या पातळीच्या खूप खालीच अडलं. दिवस मावळेस्तोवर जेमतेम अर्धी गाठ वाढली.

"मामा, खाली काळा दगड आहे, त्याला भेगा आहेत," हर्षा म्हणाली. "भेगांतलं पाणी धावत येतं, पण असतं थोडंच. दगडात मुरलेलं पाणी हळूहळू पाझरतं. दहा मिनिटं उपसलं तर भेगा लगेच भरून देतात. त्याच रिकाम्या झाल्या, की दगड देईल तेवढंच. तुमची विहीर ऐसपैस आहे, तो पाझर ती रातभर साठवते."

"म्हणजे माठातून पेला भरते पटकन," मामी म्हणाल्या, "पण माठ भराले येळ लागते."

गर्दीतून पंजाबराव ओरडले. त्यांची बोअर मारायची गाडी होती. "अरे, हा डोम्या सात वर्षं माह्याच गाडीवर होता! पाच-दहा मिनिटांत पाणी कसं भरते, हे त्याले चांगलं ठाऊक हाय!"

हर्षाला शिसारी आली. अडाणी असता, तर तिला त्याची कीव आली असती. याला सगळं कळत होतं, आणि तरी तो गावाची विहीर बुजवायला निघाला होता. महाराज केव्हाच पसार झाले होते. दोन माणसं अजूनही तिथला चिखल पुडीत बांधत होती.

"ते फेका!" ती कडाडली. "पाया पडायच्या आधी मोजून पाहा. आणि किती वेळ मोजायचं, ते महाराजाला ठरवू देऊ नका."

सोमवारी दगडांचा ट्रॅक्टर आला. महादेवरावांनी मान खाली घालून त्या दगडांनी विहिरीचा पडका काठ बांधून घेतला.