माकडहाडावरची नोकरी

मी एक जुना सेन्सर आहे. काडेपेटीएवढा, करड्या रंगाचा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. मित्रांनो, माझा पत्ता ऐकून हसू नका! मला माणसाच्या पाठीमागे, माकडहाडाच्या जरा वर पट्ट्याने बांधतात. माझा जुळा भाऊ माझ्याहून वीतभर वर, कमरेच्या मणक्यावर बसतो. माणूस ट्रेडमिलवर चालू लागला, की त्याची कंबर किती वळते, खुबे किती वरखाली होतात, हे आम्ही दोघं क्षणोक्षणी संगणकाला कळवतो. तिथे आमच्या सांगण्याची नागमोडी रेघ उमटते.

भिंगातून डोळे बारीक करून पाहणाऱ्या एका कारागीर बाईंनी मला घडवलं. प्रयोगशाळेत आलो तेव्हा माझा काय तोरा होता! धावपटू आले, शिक्षिका आल्या, काठी टेकत आजोबा आले. “मोजमाप अगदी चोख!” असं संशोधक बाई कौतुकाने म्हणायच्या. पुढे चकचकीत नवे सेन्सर आले आणि आम्हा भावांची रवानगी खणात झाली.

एके सकाळी नव्यांना चार्ज करायचं राहून गेलं, म्हणून आम्हाला बाहेर काढलं. समोर एक वेटरकाका होते. तीस वर्षं एकाच हॉटेलात हातावर ट्रे घेऊन फिरलेले. सहा महिन्यांपासून त्यांची कंबर धरली होती. मालक म्हणत होता, आता गल्ल्यावर बसा.

“मला बसवू नका हो बाई,” काका काकुळतीला येऊन म्हणाले. “मी चालता माणूस आहे. बसलो तर संपलोच.”

ट्रेडमिल सुरू झाली. काकांचे पाय झपझप चालत होते, पण कंबर? जागची हलेना! माझी रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ, आणि भावाचीही तशीच.

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. “हे जुने सेन्सर गेले वाटतं. भंगारात काढायला हवेत.”

मी खरं तेच सांगत होतो, पण ऐकतो कोण! तरी बाई भल्या. त्यांनी मला स्वतःच्या कमरेला बांधून चार पावलं टाकली. रेघ छान झुलली. पुन्हा काकांना बांधलं, तर पुन्हा सरळ.

काकांच्या सोबत आलेल्या त्यांच्या बायकोला, भिंतीशी खुर्चीवर बसलेल्या काकूंना, हसू आवरेना. “अहो बाई, त्या बिचाऱ्या डबीला कशाला बोल लावता? हे घरीसुद्धा असेच चालतात. भाच्याच्या लग्नात नाचायला ओढलं, तर डोक्यावर सूपचा वाडगा ठेवल्यासारखे नाचले!”

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “काका, सूप सांडू नये म्हणून तुम्ही कंबर आवळून धरता. आता हात रिकामे असले तरी ती सोडत नाही. म्हणून दुखतेय.”

“मग काय करू?”

“सांडा!”

बाईंनी एक ट्रे टेबल-टेनिसच्या चेंडूंनी भरून काकांच्या हातात दिला. काका चालू लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, एक चेंडू पडेल तर शपथ!

“तीस वर्षांत थेंब सांडला नाही, बाई. जमायचं नाही मला.”

“मला जमतं,” काकू उठल्या आणि त्यांनी ट्रेला खालून टिचकी मारली. टपाटप, टपाटप! खोलीभर चेंडूच चेंडू. एक तर बाईंच्या चहात पडला. काका आधी दचकले आणि मग पोट धरून असे हसले, की चालता चालता त्यांची कंबर सैल सुटली. माझी रेघ उड्या मारू लागली. वरून भाऊही तेच सांगत होता!

त्यानंतर तीन महिने काका व्यायामाला येत होते. दर आठवड्याला मोजमाप माझंच. दुखणं पळालं, आणि काका पुन्हा सहा-सहा वाडगे घेऊन टेबलांमधून फिरू लागले. फरक एवढाच, की ट्रे खाली ठेवला की कंबरही मोकळी सोडतात.

मित्रांनो, कुणी तुम्हाला न पटणारं उत्तर दिलं, तर त्याला लगेच भंगारात काढू नका. एकदा पुन्हा विचारून पाहा. आणि हो, काम झालं की मला कोरड्या फडक्याने पुसून ठेवत जा. माणसाच्या पाठीवरचा घाम फार खारट असतो!